कुंपणाआडचा आसरा

नातवाच्या आग्रहास्तव आम्ही परवा ‘द वॉकिंग डेड’ ही अमेरिकन चित्रकथा हाती घेतली. २००३ ते २०१९ या काळात तिचे १९३ अंक निघाले. तीत मढी उठून जिवंतांस खातात. आमचा वेताळ निदान प्रश्न तरी विचारी! वाचलेली माणसे आसऱ्यासाठी एका तुरुंगात शिरतात. पुढे पुढे मढ्यांहून कुंपणापलीकडल्या जिवंत माणसाचेच भय त्यांस अधिक वाटू लागते.

तेथे आम्ही पुस्तक मिटले. २०२० च्या टाळेबंदीत चाकणच्या कारखान्यांतील मजूर पायीच गावी निघाले होते. एकाने आमच्या फाटकाशी येऊन पाणी मागितले. आम्ही खिडकीतूनच ‘पुढे जा’ अशी खूण केली. घरच्या मंडळींनी तांब्या भरून पायरीवर ठेविला, तोवर तो दृष्टीआड झाला होता.