चाकाचें माप

मोटारीच्या टायरवर जो मजकूर ठशानें उमटविलेला असतो, तो आपण सहसा वाचीत नाहीं. वाचला तर मौज वाटावी असा तो असतो. समजा, तेथें '१८५/६० आर १४' असें लिहिलें आहे. यांतील १८५ हा आंकडा टायरच्या रुंदीचा, आणि तो मिलिमीटरांत. ६० हा आंकडा टायरच्या कडेच्या उंचीचा. पण ती उंची मिलिमीटरांत दिलेली नाहीं, रुंदीच्या शेंकडा प्रमाणांत दिली आहे. 'आर' म्हणजे रेडियल. टायरच्या आंतील दोरे ज्या दिशेनें घातलेले असतात तिची ती खूण. आणि शेवटचा १४ म्हणजे ज्या धातूच्या चाकावर टायर चढवावयाचा त्याचा व्यास. तो मात्र इंचांत! एका ओळींत तीन मापनपद्धति सुखानें नांदत आहेत. गेलीं तीस वर्षें मी महाविद्यालयांत गणित शिकवीत आलों आहें. एखाद्या विद्यार्थ्यानें असें उत्तर लिहून आणलें असतें तर मीं तें तांबड्या शाईनें खोडून परत केलें असतें. मिशेलिन या फ्रेंच कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत टीआरएक्स नांवाचा टायर काढला होता; त्यांत चाकाचा व्यासहि मिलिमीटरांतच होता. पण तो फार दिवस टिकला नाहीं. जगाला इंचच हवे होते.

या लिपीशीं माझा परिचय झाला तो माझ्या पुतण्यामुळें. तो कॅलिफोर्नियांत, सॅन होझे येथें असतो. त्याच्याजवळ १९९० सालची माझ्दा मियाटा आहे. ही गाडी प्रथम १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत मांडली गेली. दोनच आसनें, छप्पर मागें टाकतां येतें, आणि वजन हजार किलोंच्या आंतबाहेर. त्यानें तिच्या स्प्रिंगा बदलून तिला सुमारें दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर, खालीं आणलें आहे. खालीं बसलेल्या गाडीला मूळचीं चौदा इंची चाकें शोभत नाहींत, सतरा इंची घ्यावयाचीं, असा त्याचा बेत. बेताबरोबर एक कागद आला. "काका, आंकडेमोड तेवढी तपासून द्या. बाबा असते तर त्यांनाच विचारलें असतें."

माझा थोरला भाऊ यंत्रांतला माणूस होता. तो जाऊन चार वर्षें झालीं. शिवाय रविवारीं सकाळीं त्या गाडीच्या दुसऱ्या आसनावर कोण बसतें, हें मला ठाऊक होतें. पुतण्याची अकरा वर्षांची मुलगी बसते. आणि बापलेक जातात तो रस्ता म्हणजे सांताक्रूझच्या डोंगरांच्या माथ्यावरून वळणें घेत जाणारा स्कायलाइन बुलेव्हार्ड. तेव्हां तो कागद परीक्षेच्या पेपरांखालीं दडपून ठेवणें शक्य नव्हतें.

आमच्या लहानपणीं चाकाच्या मापाचा प्रश्न लोहार आणि सुतार यांच्यांत मिटत असे. तुंबा, आरे, आणि लांकडी घेरावर चढविलेली लोखंडाची धांव. ही धांव घेरापेक्षां किंचित् लहान करावयाची, भट्टींत लाल तापवून फुगवावयाची, चाकावर बसवून वर पाणी ओतावयाचें. ती आकसली कीं सारें चाक आवळून धरी. बैलगाडीच्या धन्याला त्यांत आवडनिवड नव्हती. आवडनिवड आली ती धांवेच्या जागीं हवा आल्यावर. रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ मध्येंच हवेच्या टायरचें पेटंट घेतलें होतें. पण तें मागें पडलें, आणि १८८८ मध्यें बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच युक्ति नव्यानें शोधली. तेव्हांपासून गाडीचा भार रबर वाहत नाहीं, आंत कोंडलेली हवा वाहते. ही गोष्ट ध्यानांत ठेवली तर पुढचा अर्धा हिशेब आपोआप सुटतो.

आतां तो हिशेब. मूळच्या टायरची कड १८५ च्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. ती वर आणि खालीं मिळून २२२. त्यांत चौदा इंचांचे ३५५.६ मिळवले कीं चाकाचा एकंदर व्यास ५७७.६ मिलिमीटर भरतो. गाडीचा वेगदर्शक फेरे मोजतो, अंतर मोजीत नाहीं. गिअरांचीं गुणोत्तरेंहि याच व्यासावर बेतलेलीं. म्हणून धातूचें चाक मोठें करावयाचें असेल तर टायरची कड तेवढी कमी करून बाहेरचा व्यास जवळजवळ तोच ठेवावा, हा या शास्त्राचा पहिला नियम. १९५/५० आर १५ या मापाचा व्यास ५७६ येतो. फरक अवघा १.६ मिलिमीटर! हें उत्तर पाहून मला मोठा आनंद झाला; एखादें समीकरण अनपेक्षितपणें पूर्णांकांत सुटावें तसा.

पुतण्यानें निवडलेलें माप २०५/४० आर १७ होतें. त्याचा व्यास ५९५.८. म्हणजे १८.२ मिलिमीटर अधिक, शेंकडा तीनहून थोडें जास्त. वेगदर्शक शंभर दाखवीत असतां गाडी एकशेंतीननें धांवत असणार. पण खरी गंमत त्रिज्येंत आहे. त्रिज्या ९.१ मिलिमीटरांनीं वाढली कीं गाडी तेवढीच वर उचलली जाते. एवढा खर्च करून ३८ मिलिमीटर खालीं आणलेली गाडी पुन्हां पैसे खर्चून नऊ मिलिमीटर वर चढवावयाची! आणि टायरचा माथा वरच्या पत्र्याच्या कमानीला तितकाच जवळ येणार. मीं हें लिहून कळविलें, तेव्हां एक हंसरें चित्र उत्तरादाखल आलें. बाकी मजकूर नव्हता.

रुंदीचा प्रश्न याहून नाजूक. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि तें जेथें तुंब्याला टेकतें ती बैठक, यांच्यामधील अंतराला तिकडे ऑफसेट म्हणतात. बैठक मध्याच्या बाहेरच्या बाजूला असली तर अंतर धन, आंतल्या बाजूला असली तर ऋण. मियाटाचें मूळ चाक साडेपांच इंच रुंद व त्याचा ऑफसेट ४५ मिलिमीटर. पुतण्याच्या मनांत भरलेलें चाक साडेसात इंचांचें, ऑफसेट ३५. दोन इंच वाढलेली रुंदी दोहों बाजूंस वांटली तर प्रत्येकीला एकेक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, ऑफसेट दहानें घटला म्हणून सारें चाक दहा मिलिमीटर बाहेर सरकलें. तेव्हां बाहेरची कड ३५.४ मिलिमीटर बाहेर आली आणि आंतली १५.४ आंत गेली. पंधरा इंच व्यासाचें, सात इंच रुंदीचें, त्याच ऑफसेटचें चाक घेतलें तर हेच आंकडे सुमारें २९ आणि ९ असे येतात.

सहा मिलिमीटरांनीं काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. उभ्या गाडींत कांहींच बिघडत नाहीं, आणि दुकानांत गाडी नेहमीं उभीच असते. खळग्यांत चाक वर उडतें तेव्हां, त्यांतहि वळणावर सुकाणू फिरविलेलें असतां, कमानीच्या आंत दुमडलेली पत्र्याची धार टायरच्या खांद्याला लागते. खालीं आणलेल्या गाडीनें वर जाण्याच्या वाटेचा बराच भाग आधींच खाऊन टाकलेला असतो. मियाटाच्या चाकांना वरखालीं असे दुहेरी बाहू आहेत; चाक वर जातें तसा त्याचा माथा आंत कलतो व पत्र्यापासून थोडा बचाव होतो. पण त्याची किंमत टायरची आंतली कड भरते. ती लवकर झिजते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिसतहि नाहीं. म्हणून गाडी खालीं केल्यावर चाकांचे कोन पुन्हां जुळवून घ्यावयास हवेत. कित्येक जण ती धार रूळ फिरवून वर दाबून घेतात; पस्तिशी ओलांडलेल्या पत्र्यावर हा प्रयोग करण्याची कल्पना मला रुचली नाहीं.

कडेची उंचीहि पाहिली पाहिजे. मूळची १११, पंधरा इंचीची साडेसत्त्याण्णव, सतरा इंचीची फक्त ८२ मिलिमीटर. खळगा आणि धातूचें चाक यांच्यांत हवेची जी गादी, ती हीच. शिवाय मोठें चाक बहुधा जडहि असतें, आणि तें वजन स्प्रिंगांच्या खालचें. जड वहाणा घालून टेकडी चढण्यासारखें. चाकाला चार भोंकें, तीं १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, मध्यावरचें भोंक ५४.१ मिलिमीटर. दुसऱ्या कांहीं गाड्यांचें वर्तुळ ९८ चें असतें. तें चाक बसल्यासारखें दिसतें, नट आवळल्यासारखे वाटतात, पण बैठक खोटी. टायरवर ८२ हा भारांक असला म्हणजे एका टायरवर ४७५ किलो. पुढें एच असला तर ताशीं २१० किलोमीटर, व्ही असला तर २४०. हें सर्व मीं त्याच्या कागदावर दोन रकान्यांत मांडून दिलें.

त्यावर त्याचा फोन आला. "काका, तुमचें सगळें पटतें. पण दिसण्याला कांहींच किंमत नाहीं का?"

प्रश्न रास्त होता. जपानांत गाड्या अशा खालीं बसविण्याच्या शौकाला शाकोतान असें खास नांवच आहे. त्या शौकाला हंसणाऱ्यांतला मी नाहीं. मियाटा हीच मुळीं उपयोगाची गाडी नव्हे. तींत ट्रंक मावत नाहीं. जी वस्तु आनंदाकरितां घेतली, तिच्या रूपाचा विचार करूं नये असें कोण म्हणेल? "किंमत आहे रे," मीं म्हणालों, "पण ती किती हें कागदावरून ठरवूं नको. चाक लावून पहा."

तसें त्यानें केलें. पद्धत सोपी आहे, पण खटाटोपाची. गाडी भक्कम घोड्यांवर चढवावयाची, पुढच्या चाकाची स्प्रिंग काढून ठेवावयाची, मग जॅकनें चाक रबरी थांब्याला टेकेपर्यंत वर उचलावयाचें आणि त्या स्थितींत सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावयाचें. एका मित्राकडून सतरा इंची चाक टायरसकट उसनें आणलें होतें. मुलीनें बत्ती धरली. टायरचा खांदा कमानीच्या आंतील धारेला लागला. रबरावर उमटलेल्या पांढऱ्या रेघेचें चित्र मला तिनेंच पाठविलें. पुढच्या शनिवारीं पंधरा इंची चाक लावून पाहिलें. बोट शिरेल एवढी फट सगळीकडे राहिली.

पंधरा इंची चाकांची मागणी गेली आहे. टायर १९५/५०, भारांक ८२, वेगाक्षर व्ही. राखी रंग घ्यावा कीं ब्राँझचा, हा वाद उरला होता. त्यांत माझें मत मागितलें गेलें नाहीं. मुलीनें ब्राँझ निवडला आहे.