साखऱ्यात ऐकू येणारा आवाज

साखऱ्याला जायचं तर हिंगोलीहून आधी सेनगाव गाठायचं आणि तिथून पुढची गाडी धरायची. गावाच्या नावात साखर, शिवारात मात्र सोयाबीन, तूर आणि हळद. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर हळद शिजवल्याचा वास सोबत करतो. आमचा हिंगोली जिल्हा तसा तुमच्या आईबाबांपेक्षाही लहान, 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला. औंढा नागनाथ आणि संत नामदेवांचं नरसी बघायला लोक लांबून येतात. साखऱ्याला मुद्दाम कुणी येत नाही. पण बालमित्रांनो, मी तुम्हांला तिथंच नेणार आहे, आणि गाव दाखवणार आहे ते कानांनी.

राखीपौर्णिमेला सकाळीच कुठल्यातरी दुकानातून ‘बहना ने भाई की कलाई से’ सुरू होतं. पुढं पंधरा-वीस दिवसांत गणपती बसतात, मग मंडपातल्या स्पीकरवर ‘ओंकार प्रधान रूप गणेशाचे’. एकादशीला ‘देव माझा विठू सावळा’. रात्री सगळं शांत झालं की एखाद्या घरातून झोळीच्या दोरीची करकर ऐकू येते आणि तिच्या तालावर ‘निंबोणीच्या झाडामागे’. हे शेवटचं गाणं वीज गेली तरी बंद पडत नाही, कारण ते आई नाहीतर आजी म्हणत असते.

ही चारही गाणी एकाच बाईंनी गायलेली आहेत. त्या कोण?

झोळी हलवणाऱ्या एका आजींना मी विचारलं, “आजी, हे गाणं मुळात कुणी म्हटलंय हो?”

“कोन की माय! लताच असंल. दुसरं कोन म्हनतंय इतकं ग्वाड?”

वर्गात विचारलं तर पोरांनी एका सुरात सांगितलं, “लता मंगेशकर!” मागच्या बाकावरचा एकजण तेवढा म्हणाला, “आमची आई.” खरं तर त्याचं उत्तर सगळ्यांत बरोबर होतं.

त्या गायिकेचं नाव सुमन कल्याणपूर. जन्म 28 जानेवारी 1937, ढाक्याचा. म्हणजे आज बांगलादेशात असलेल्या शहरात. वडील बँकेत नोकरीला होते. 1943 मध्ये हे हेमाडी कुटुंब मुंबईला आलं. सुमनताईंना आधी चित्रकलेचा नाद, त्यासाठी त्या जे. जे. कला विद्यालयात शिकल्या. गाणं घरच्या घरी चाललं होतं. ‘प्रभात’च्या चित्रपटांना संगीत देणारे केशवराव भोळे हे त्यांचे पहिले गुरू. 1954 पासून चित्रपटांत गाऊ लागल्या आणि त्याच वर्षीच्या ‘दरवाजा’मध्ये तलत महमूद यांच्यासारख्या नावाजलेल्या गायकाबरोबर त्यांना गायला मिळालं. 1958 मध्ये लग्न झालं आणि हेमाडीच्या कल्याणपूर झाल्या.

आता घोटाळा कुठं झाला ते सांगते. सुमनताईंचा आवाज लताबाईंच्या आवाजासारखाच बारीक, तारसप्तकात सहज जाणारा. त्या काळी रेडिओवर कित्येकदा गायकांची नावं सांगितली जात नसत. ऐकणाऱ्यानं आपलं ठरवून टाकायचं, गोड आहे म्हणजे लताच. त्यातच 1960 नंतरच्या काही वर्षांत लताबाई आणि महंमद रफी यांचे गाण्यांच्या रॉयल्टीवरून मतभेद झाले आणि दोघं एकत्र गायचे थांबले. मग रफीसाहेबांबरोबरची बरीच गाणी सुमनताईंकडे आली. ‘जब जब फूल खिले’ (1965) मधलं ‘ना ना करते प्यार’, ‘ब्रह्मचारी’ (1968) मधलं ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ ही त्यांतलीच. तुमच्या आजोबांनी यांवर मान डोलावली असेल, पण वाहवा भलत्याच नावानं केली असेल.

लताबाई थोरच, त्यात वाद नाही. पण एकीचं थोरपण सांगताना दुसरीचं गाणंही तिच्याच खात्यावर जमा करायचं, हे काही बरोबर नाही. तुमच्या चित्राला शेजाऱ्याच्या वहीत शंभर गुण मिळाले तर चालेल का?

वर्गातल्या एका मुलीनं मला नेमका प्रश्न विचारला. “मॅडम, मग त्या बोलल्या का नाहीत, हे माझं गाणं आहे म्हणून?”

बोलायची सोय असते तेव्हा बायका बोलतात. आपल्या शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईच बघा. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी ही बाई, पण अभंगाच्या शेवटी ‘जनी’ हे आपलं नाव घालायची. म्हणून सातशे वर्षांनंतर तिचे अभंग तिच्याच नावावर आहेत. जात्यावर तशाच सुंदर ओव्या गाणाऱ्या बाकीच्या बायकांची नावं कुठं गेली कोण जाणे.

दुसरी गोष्ट तबकड्यांची. 1902 साली कोलकात्यात गौहर जान या गायिकेची गाणी ध्वनिमुद्रित झाली. तेव्हा तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कारागिरांना आपल्याकडची गाणी काय कळणार? कुठल्या तबकडीवर कुणाचं नाव चिकटवायचं ते त्यांना समजावं म्हणून गौहर जान गाणं संपलं रे संपलं की इंग्रजीत मोठ्यानं आपलं नाव सांगायच्या. पुढं कोलकात्याजवळ डमडमला कारखाना झाला. कर्ण्यापुढं कान देऊन बसलेला कुत्रा ज्यांच्या तबकडीवर असे ती एच.एम.व्ही. कंपनी देशभर पोचली आणि नाव छापील झालं. सुमनताईंची कितीतरी भावगीतं याच कंपनीनं काढली. पण तबकडीवरची बारीक अक्षरं फक्त तबकडी लावणाऱ्याला दिसतात. लग्नातल्या कर्ण्याखाली बसलेल्या माणसाला फक्त आवाज ऐकू येतो. आणि सुमनताई स्वतः प्रसिद्धीपासून लांब राहणाऱ्या.

आता हा आवाज ओळखायचा कसा? माझी आपली एक साधी युक्ती आहे. ‘केतकीच्या बनी तिथे’ लावा. शब्द अशोकजी परांजपे यांचे, चाल अशोक पत्की यांची. त्या ओळीचा शेवट करताना सुमनताई आवाज कुठंही दाबत नाहीत. स्वर हलकेच सोडून देतात, पिकलेलं पान झाडावरून सुटावं तसा. ‘निंबोणी’ तर ऐकाच. ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या 1977 च्या चित्रपटातलं हे गाणं मधुसूदन कालेलकरांनी लिहिलं आणि एन. दत्तांनी बांधलं. त्यात एकही जागा अशी नाही की झोपेला आलेलं बाळ दचकेल. मोठ्यानं गाऊन टाळ्या घेणं सोपं असतं. इतकं हळू आणि तरी सुरेल गायला फार दम लागतो. पटत नसेल तर घरी गाऊन बघा. मला स्वतःला त्यांची मराठी गाणी हिंदीपेक्षा जास्त आवडतात. हिंदीत त्यांना बरेचदा दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर उभं केलं गेलं, मराठीत त्या आपल्या घरात गातायत असं वाटतं.

वर्गात आम्ही एक खेळही केला. 1959 च्या ‘चाँद’ चित्रपटात लताबाई आणि सुमनताईंचं एकत्र गाणं आहे, हेमंतकुमारांच्या संगीतातलं. ते मोबाईलवर लावलं आणि कोण कधी गातंय ते हात वर करून सांगायचं. पहिल्यांदा सगळा गोंधळ. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा निम्मी पोरं बरोबर हात वर करायला लागली. चौथ्यांदा लावा म्हणून ओरडत होती, तेवढ्यात घंटा झाली.

2023 साली सुमनताईंना पद्मभूषण जाहीर झालं. तेव्हा त्या 85 वर्षांच्या होत्या. उशीर झाला असं माझं मत आहे. पण बातमी वाचून कितीतरी लोक म्हणाले असतील, “अरे, हे गाणं यांचं होतं?”

त्यानंतरच्या राखीपौर्णिमेला आमच्या पोरांनी स्पीकरवाल्या दादाला एक चिठ्ठी नेऊन दिली. गाणं लावायच्या आधी गायिकेचं नाव सांगा, असं त्यात लिहिलं होतं. दादा भला माणूस. त्यानं माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, “आता ऐका, सुमन कल्याणपूर यांच्या आवाजात...” आणि गडबडीत नागिणीचा बँड लागला. पोरांनी असा काही गिल्ला केला की दादाला तो बंद करून नाव पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं सांगावं लागलं.