ऱ्हाईनकाठचे शेतकी विद्यापीठ

हॉलंडात आगगाडीने एडे स्टेशनला उतरले की वागेनिंगेनला जायला बस धरावी लागते. शेतीच्या शिक्षणात जगभर नाव असलेल्या या गावाला स्वतःचे रेल्वे स्टेशन नाही. सायकलींची मात्र गणतीच नको! मे महिन्याची सुरुवात होती. आमच्या सांगोल्याकडे त्या दिवसांत रान भेगाळलेले असते. इथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवेगार गवत आणि त्यात रवंथ करीत बसलेल्या काळ्यापांढऱ्या गायी. माझी थोरली लेक न्यायला आली होती. शेती, अन्न आणि ग्रामीण समाज या विषयांचे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण ती इथे घेत होती.

खरे सांगायचे तर मनात एक खडा घेऊनच मी गेलो होतो. तिच्या शिक्षणासाठी बँकेने तारण मागितले, तेव्हा गावाकडचे वाडवडिलांचे घर द्यावे लागले. घर दोघा भावांच्या नावावर. ज्याने उभ्या जन्मात सोसायटीचे कर्ज काढले नाही, त्या माझ्या धाकट्या भावाने मुकाट्याने सही केली. आणि पोरगी शिकणार काय, तर 'ग्रामीण समाज'! "आपण खेड्यातच जन्मलो, ते शिकायला इतक्या लांब कशाला?" असे आमची आई विचारी. मी शेतकी पदवीधर आणि विस्तार अधिकारी, पण मला उत्तर सुचत नसे.

दुसऱ्या दिवशी लेकीने गाव दाखवले. भर गावात 'डे वेरेल्ड' नावाचे जुने हॉटेल आहे. ५ मे १९४५ रोजी हॉलंडातील जर्मन सैन्याच्या शरणागतीची बोलणी इथे झाली. त्याआधीच्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडच्या शहरांत अन्न संपले होते. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. सुमारे २० हजार माणसे दगावली. आज निर्यातीसाठी गाजणाऱ्या या देशाने अशी उपासमार पाहिली आहे, हे मला ठाऊक नव्हते.

अशी पाळी पुन्हा येऊ नये म्हणून देश कामाला लागला. सिक्को मान्सहोल्ट १९४५ मध्ये शेतीमंत्री झाले. ते स्वतः शेतकरी होते. तुकड्यांचे एकत्रीकरण, यंत्रे, खते, मोठे गोठे असा धडाका सुरू झाला. त्याला शास्त्राची जोड वागेनिंगेनने दिली. १८७६ साली सरकारी शेतकी शाळा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला १९१८ मध्ये उच्च शिक्षणाचा दर्जा मिळाला होता. महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा हा देश शेतमालाच्या बड्या निर्यातदारांत जाऊन बसला.

पण मंडळी, नाण्याला दुसरी बाजू असतेच. जनावरे इतकी वाढली की त्यांच्यासाठी परदेशातून सोयाबीन येऊ लागले. दूध, मांस बाहेर गेले. शेण-मूत मात्र देशातच राहिले. त्यातला अमोनिया हवेत जातो आणि माळरानांवर, जंगलांवर उतरतो. नत्र जास्त झाले की तिथली मूळची झुडपे हटतात आणि गवत माजते. मे २०१९ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायपीठाने सरकारची नत्राबाबतची परवाना योजना रद्द ठरवली, आणि ऑक्टोबरात शेतकरी हजारो ट्रॅक्टर घेऊन द हेग शहरात गेले. काल जे वाढवायला सांगितले, तेच आज कमी करा म्हणता, ही त्यांची व्यथा. ती ऐकताना सल्ला देणारा माणूस म्हणून मी खाली मान घातली.

लेकीचा अभ्यास सुरू होतो तो इथेच. दोन वर्षांत १२० श्रेयांक. आधी वर्ग, मग प्रबंध आणि बाहेर प्रत्यक्ष काम. माती, पीक, जनावर आणि माणूस यांचा विचार एकत्र करायचा. १९४६ साली हॉफ्स्टे हे ग्रामीण समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून इथे आले. निरनिराळ्या भागांतले शेतकरी निरनिराळ्या तऱ्हेने शेती का करतात, याचा त्यांनी शोध घेतला. पुढे व्हान डर प्लूग यांनी फ्रीसलंडमधले दूधउत्पादक अभ्यासले. एकाच भागात कुणी यंत्रांवर भर देतो, कुणी गायीच्या जातीवर. कुणी 'काटकसरी' असतो: कर्ज कमी, विकतचे खाद्य कमी, घरचे गवत जास्त. हे मागासलेपण नव्हे, विचारपूर्वक धरलेली रीत आहे, असे त्यांनी मांडले.

संध्याकाळी आम्ही नदीच्या बांधावर बसलो होतो. खाली पूररेषेतल्या कुरणात गायी चरत होत्या. लेक म्हणाली, "बाबा, काकांना तुम्ही किती वर्षं डाळिंब लावा म्हणून सांगत होता. ते का लावत नाहीत, हे कधी विचारलंत?"

मी गप्प बसलो. विचारले नव्हते. पंचवीस वर्षे त्याला हट्टी म्हणत आलो होतो.

गावी परतल्यावर ओट्यावर बसून विचारले. भाऊ आधी हसला. मग म्हणाला, "दादा, घरात राबणारी माणसं दोन. एवढ्या फवारण्या कोण मारणार? बागेला कर्ज काढायचं, आणि तेल्या आला तर फेडायचं कशातून? ज्वारीचं नवं वाण घे म्हणालास. दाणे वाढतील, पण मालदांडीएवढा कडबा कुठून येणार? दोन खिल्लार गायी त्याच्यावरच जगतात."

मजूर, कर्ज, कडबा. माझ्या शिफारशीच्या तक्त्यात या तिन्हींना रकाना नव्हता.

डाळिंबाने आमच्या तालुक्यात कित्येकांची घरे उभी केली, हेही खरे. सल्ला सगळाच चुकीचा नव्हता. पण तो देण्याआधी माणसाचा हिशेब विचारायला हवा होता. अलीकडे शिवारात गेलो की मी आधी ओट्यावर बसतो, चहा घेतो आणि वही मिटून ऐकतो.

कर्जाचे हप्ते लेकीला नोकरी लागली की सुरू होतील. घर अजून बँकेकडेच आहे. भावाला विचारले, "सही केल्याचा पस्तावा होतो का?"

तो म्हणाला, "पोरीनं निदान तुला विचारायला तरी शिकवलं!"