आर्लच्या भिंतीवरचा फॉकलंड रोड

फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या काठी आर्ल नावाचं एक गाव आहे. रोमन अक्षरांत लिहिताना शेवटी 'एस' असतो, पण तो उच्चारायचा नाही. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण गावाच्या मधोमध दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन रंगमंडल आणि नाट्यगृह उभं! चित्रकार व्हॅन गॉग इथे १८८८ मध्ये आला, वर्षभराहून थोडा अधिक काळ राहिला आणि त्याची कितीतरी गाजलेली चित्रं इथेच काढून गेला. मुलगी-जावई मार्सेयला असतात. तिथून आगगाडीने तासाभरात आर्लला पोचता येतं. २०२४ च्या सप्टेंबरात मी त्यांच्याकडे होते, तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, आर्लला फोटोंचा उत्सव चालू आहे, येतेस?" मला वाटलं, एखाद्या हॉलमध्ये चित्रं टांगली असतील, तासाभरात बघून होतील. प्रत्यक्षात दोन दिवस पुरले नाहीत.

या उत्सवाचं नाव 'रांकोंत्र द'आर्ल'. आपल्या भाषेत आर्लच्या गाठीभेटी. १९७० साली तीन मित्रांनी तो सुरू केला. याच गावात जन्मलेले छायाचित्रकार ल्युसियँ क्लेर्ग, लेखक मिशेल तूर्निए आणि इतिहासकार झां-मोरिस रुकेत. त्या काळात छायाचित्राला कला म्हणायला फ्रान्ससुद्धा सहजी तयार नव्हता. क्लेर्ग आणि रुकेत यांनी त्याआधी, १९६५ मध्येच, गावच्या रेआत्यू संग्रहालयात छायाचित्रांचं दालन उघडलं होतं. पुढे २००६ मध्ये फ्रान्सच्या ललित कला अकादमीने छायाचित्रकार म्हणून पहिल्यांदा कुणाला निवडलं, तर ते याच क्लेर्ग यांना. म्हणजे ज्या कामाला पूर्वी कुणी विचारत नव्हतं, त्यावर चाळीस वर्षांनी शिक्कामोर्तब झालं. २०१४ मध्ये ते गेले.

आता हा उत्सव दर वर्षी जुलै ते सप्टेंबर भरतो. २०२० मध्ये करोनामुळे तेवढा रद्द झाला होता. मला सर्वांत आवडलं ते हे, की त्याच्यासाठी वेगळी इमारत नाही. गावच चित्रांना जागा देतं. जुनी चर्चेस, मठ, १९८४ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेच्या कार्यशाळा, इतकंच काय, एका दुकानाचा वरचा मजला! तिकीट स्वस्त नाही, पण अठरा वर्षांखालच्या मुलांना आणि आर्लच्या रहिवाशांना ते माफ असतं. ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटली. ज्यांच्या गल्ल्यांत तीन महिने परक्या माणसांची झुंबड उडते, त्यांना निदान दार तरी उघडं असावं.

जमिनीखाली रोमन काळातली भुयारं आहेत, तिथे सोफी काल या फ्रेंच कलावतीने आपली ओल लागून बुरशी आलेली चित्रं मुद्दाम आणून ठेवली होती, आणखी कुजायला! मुलगी भारावून गेली. मी मात्र गुडघे सांभाळत पायऱ्या चढून वर आले. प्रत्येक गोष्ट आवडलीच पाहिजे असं नाही.

शिक्षिकेचा डोळा मात्र दुसरीकडेच गेला. गल्लीगल्लीतून शाळकरी मुलांच्या रांगा चालल्या होत्या, पुढे एक बाई, मागे एक बाई, अगदी आपल्यासारख्या. तिकडे शाळा सप्टेंबरात सुरू होतात. आपला जून तो त्यांचा सप्टेंबर. २००४ पासून हा उत्सव शाळा उघडल्याबरोबर 'चित्रांतून शाळेची सुरुवात' अशा अर्थाच्या नावाचा उपक्रम चालवतो. प्राथमिकपासून विद्यापीठापर्यंतचे वर्ग येतात, दर वर्षी हजारो मुलं. त्यांना प्रदर्शनं दाखवायला खास तयार केलेली तरुण मंडळी असतात. उत्सवाने चित्र वाचायला शिकवणारा एक खेळही बनवला आहे. छायाचित्रांची पत्त्यांसारखी कार्डं, मुलांचे संघ, आणि चित्राबद्दल बोलायचं.

माझ्या नातीचा वर्गही गेला होता, आमच्या आधी चार दिवस. त्यांनी फ्रेर-प्रेशर या जुन्या चर्चमध्ये क्रिस्तिना दे मिदेल या छायाचित्रकर्तीचं प्रदर्शन पाहिलं. मेक्सिको ओलांडून अमेरिकेच्या दिशेने निघालेल्या स्थलांतरितांचा रस्ता तिने ज्यूल व्हर्नच्या पृथ्वीच्या पोटातल्या सफरीसारखा मांडला आहे. ही माणसं म्हणजे बिचारी किंवा चोर नव्हेत, धाडसी प्रवासी आहेत, असं तिचं म्हणणं. नातीने सांगितलं, "आजी, आम्हाला खालची पाटी आधी वाचू देत नव्हते. आधी नुसतं बघायचं. मग काय दिसतं ते सांगायचं. मग काय दिसत नाही ते." हे तिसरं मला फार आवडलं. चित्राच्या चौकटीबाहेर काय राहिलं असेल, फोटो काढणारा कुठे उभा असेल, त्या माणसाला माहीत असेल का की आपला फोटो निघतोय? आम्ही बी.ए.ला मराठी कविता शिकलो तेव्हा आमचे सर याहून वेगळं काय विचारत होते! पण आमच्या शाळांत चित्र म्हणजे चित्रकलेच्या तासाला काढायची फुलदाणी. बघायला कुणी शिकवलं नाही, आणि आता तर प्रत्येक मुलाच्या हातात कॅमेरा आहे.

(आपल्या शेजारी ढाक्यात शहिदुल आलम यांच्या 'दृक' संस्थेने २००० साली 'छोबी मेला' सुरू केला. तो दर वर्षी नसतो, पण त्यात छायाचित्रं सायकलरिक्षांच्या गाड्यांवर लावून वस्तीवस्तीत फिरवतात. प्रदर्शनाला जो येणार नाही त्याच्या दाराशी प्रदर्शन! मुंबईत हे सहज जमेल असं वाटतं.)

असो. आता ज्यासाठी लिहायला बसले तिकडे वळते.

व्हॅन गॉगने कान कापून घेतल्यावर त्याला आर्लच्या ज्या इस्पितळात ठेवलं होतं, त्याला आता एस्पास व्हॅन गॉग म्हणतात. मधल्या चौकातली बाग त्याच्या चित्राबरहुकूम पुन्हा लावली आहे. तिथे मेरी एलन मार्क या अमेरिकन छायाचित्रकर्तीचं मोठं प्रदर्शन होतं. ती २०१५ मध्ये वारली. ऑरेगनच्या मनोरुग्णालयातल्या बायका, सिएटलच्या रस्त्यावरची टायनी नावाची मुलगी (तिचे फोटो मार्कने तीस वर्षं काढले), मदर तेरेसांचे आश्रम, भारतातल्या सर्कशी. बहुतेक सारं काळ्यापांढऱ्यात. आणि मग एकदम रंग. निळ्या-हिरव्या भिंती, झगझगीत परकर, फुलाफुलांचे पडदे, दारात बसलेल्या बायका. पाटी वाचायच्या आधीच मला कळलं. ग्रँट रोडच्या पुढचा फॉकलंड रोड!

मंडळी, आर्लमध्ये त्या भिंतीसमोर उभी असलेली मीच बहुधा एकटी अशी होते, जिने त्या रस्त्याचा वास घेतलेला होता. माझी पहिली नोकरी त्याच भागातल्या एका शाळेत. मार्क तिथे राहून काम करत होती तो काळ १९७८ चा ऑक्टोबर ते १९७९ चा जानेवारी. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि रोज सकाळी ग्रँट रोड स्टेशनात उतरत होते. ती मला कधी दिसली नाही, दिसण्याचं कारणही नव्हतं. आम्ही शिक्षिका लॅमिंग्टन रोडने वळसा घेऊन जायचो. तशी पद्धतच होती. तिने मात्र १९६८ पासून तिथे यायचा प्रयत्न केला होता. बायकांनी तिच्या अंगावर पाणी टाकलं, कचरा फेकला, शिव्या घातल्या. तरी ती येतच राहिली आणि दहा वर्षांनी त्या बायकांनी तिला घरात घेतलं, चहा पाजला. १९८१ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. हे श्रेय तिला द्यायलाच हवं. जे आम्ही बघत नव्हतो ते ती बघत होती.

पण मला त्या भिंतीसमोर दुसरंच आठवत होतं. आमच्या शाळेत त्या घरांतली काही मुलं यायची. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांचं नाव ही पहिली अडचण. चौथीत एक मुलगी होती, अतिशय हुशार, पाढे म्हणायला लागली की वर्ग गप्प व्हायचा. आई कर्नाटकातली, मोडकंतोडकं मराठी बोलायची. वर्षअखेरीला वर्गाचा ग्रूप फोटो निघायचा आणि चौकट करून मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर टांगायचा. आदल्या दिवशी ती आई शाळेच्या फाटकापाशी आली. आत आली नाही. म्हणाली, "बाई, हिला फोटोत बसवू नका. भिंतीवर नको. आज कोणी बघितलं नाही, पण उद्या हिच्या सासरचा कोणी बघेल." मुलगी दहा वर्षांची! पण आईचा हिशेब तिथवर पोचला होता.

मुख्याध्यापकांना ते पटलं नाही. पटावर जेवढी मुलं तेवढी फोटोत पाहिजेत, हा नियम. मी म्हटलं, त्या दिवशी ती गैरहजर लावा. त्यांनी नाक मुरडलं, मला दोन शब्द सुनावले, पण अखेर ऐकलं. फोटोग्राफर म्हातारे होते, तिकाटणीवरचा मोठा लाकडी कॅमेरा आणि काळं कापड घेऊन यायचे. मुलगी बाजूला उभी राहिलेली त्यांनी पाहिली, काही विचारलं नाही, नुसतं कापड उचललं आणि तिला आत घेतलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं. आमचा अख्खा वर्ग डोक्यावर उभा! ती इतकी खिदळली की समोरची सगळी मुलं हसायला लागली. त्या फोटोत एकही मूल ताठ बसलेलं नाही.

आता सांगा, त्या आर्लच्या भिंतीकडे मी कोणत्या डोळ्यांनी बघायचं? फोटो उत्तम आहेत, त्यात वादच नाही. त्यांत केविलवाणेपणा नाही, बायका हसतात, केस विंचरतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात, आणि गिऱ्हाइकही दिसतं. ज्यांनी मार्कला घरात घेतलं त्यांनी समजून घेतलं असेल, हेही मी मानते. मैत्री होतीच. पण १९७८ मध्ये एका खोलीत दिलेला होकार २०२४ च्या फ्रान्समधल्या भिंतीपर्यंत पुरतो का? पुस्तकातल्या काही मुली तर आमच्या सातवीतल्या मुलींएवढ्या वाटतात. त्यांचा होकार कोणी दिला? आणि त्यांची मुलं? ती आता पन्नाशीच्या आसपास असतील, कोणी बँकेत असेल, कोणी नातवंडं खेळवत असेल.

मुलीशी यावर वाद झाला. ती म्हणाली, "आई, फोटो काढलेच नसते तर त्या बायका होत्या हेच कुणाला कळलं नसतं. तुम्ही तर वळसा घालून जात होता." हे खरं आहे, आणि टोचणारं आहे. मी तिला म्हटलं, त्या आईला कळू द्यायचं नव्हतं, हेही तितकंच खरं. दोघी गप्प झालो. बागेतल्या बाकावर बसून सँडविच खाल्लं. नातीला तिच्या बाईंनी विचारायला लावलेला तिसरा प्रश्न, 'काय दिसत नाही?', मी मुलीला विचारला, तर ती हसली आणि म्हणाली, "आई, तुझी शाळा सुटली आता."

एक गोष्ट मात्र मला राहवली नाही. मी मराठी शिकवलेली बाई. पाटीवर नुसतं 'फॉकलंड रोड, मुंबई' एवढंच. त्या रस्त्याचं अधिकृत नाव पठ्ठे बापूराव मार्ग. रेठऱ्याच्या कुलकर्ण्यांच्या घरातला हा मुलगा तमाशात गेला, पवळाबरोबर फडावर उभा राहिला आणि ब्राह्मणाने असं करावं म्हणून जातीने त्याला वाळीत टाकल्यासारखं केलं. पुढे पिला हाउसच्या थिएटरांनी त्याच्या लावण्या ऐकल्या. ज्या गल्लीला सभ्य मुंबई वळसा घालत होती, तिला नाव मिळालं ते नाचणाऱ्या बाईबरोबर उभं राहिलेल्या शाहिराचं. फोटोतल्या बायकांना हे ठाऊक असेल की नाही कोण जाणे, पण मला ठाऊक होतं.

बाहेर पडताना दाराशी अभिप्रायाची वही होती. आधीच्या पानांवर फ्रेंच, इंग्रजी, एका पानावर जपानी. मी पेन मागून घेतलं आणि देवनागरीत लिहिलं, 'या रस्त्याचं नाव पठ्ठे बापूराव मार्ग आहे. इथल्या मुली आमच्या शाळेत शिकल्या.' खाली सही केली नाही. मुलगी म्हणाली, इथे हे कुणाला वाचता येणार? मी म्हटलं, नको येऊ दे. आणि आम्ही स्टेशनची वाट धरली, कारण सहाच्या सुमाराची गाडी चुकली असती तर मार्सेयला जेवायची वेळ टळली असती.