फातोर्ड्यानंतरची टिपणे

आशिया चषक फुटबॉलच्या पात्रता गटात भारताचे चार सामन्यांत दोन गुण. सिंगापूरचे आठ, हाँगकाँगचे आठ. उरलेले दोन्ही सामने जिंकले तर आपलेही आठ होतात, मग अजून संधी आहे की, असे १४ ऑक्टोबर २०२५च्या रात्री कितीजण तरी म्हणत होते. पण सिंगापूर आणि हाँगकाँग यांचा आपसातला एक सामना बाकी होता. त्यात जो जिंकेल त्याचे अकरा, बरोबरी झाली तर दोघांचे नऊ-नऊ. आठ कुठेच पुरत नव्हते. गटातला फक्त पहिला संघ २०२७च्या आशिया चषकासाठी सौदी अरेबियाला जाणार, दुसऱ्याला काही नाही. फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्ध शेवटची शिट्टी वाजली तेव्हाच, दोन सामने हातात असताना, सगळे संपले होते.

*

त्या सामन्याची सुरुवात किती चांगली होती! चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने पेनल्टी क्षेत्राबाहेरून असा फटका मारला की गोलरक्षकाला काही करता येण्यासारखे नव्हते. १-० अशी आघाडी, गोव्याचे मैदान, समोर सिंगापूर, पाच दिवसांपूर्वी दहा खेळाडूंनिशी ज्याला बरोबरीत रोखले तोच संघ. मध्यंतराला एक मिनिट उरले असताना साँग उई-यंगने बरोबरी साधली आणि ५८व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. पुढे अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात आपण चेंडू पुष्कळ खेळवला, पण तो गोलपोस्टसमोर ठेवायचा कोणासाठी, हे कोणालाच माहीत नसल्यासारखा.

*

सिंगापुरातल्या पहिल्या सामन्याबद्दल मात्र मला अजूनही अभिमान वाटतो. ९ ऑक्टोबर. मध्यंतराआधी इख्सान फंदीचा गोल, मध्यंतरानंतर लगेच संदेश झिंगनला दुसरे पिवळे कार्ड. दहाजण, परके मैदान, एका गोलची पिछाडी. तिथून नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी मिळवून दिली. हा संघ जीव तोडून खेळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ती शेवटची चाळीस मिनिटे पुन्हा पाहावीत.

*

माझ्या मते ही मोहीम शिलाँगलाच घसरली होती. २५ मार्च, बांगलादेशविरुद्ध पहिला सामना, घरचे मैदान, भरलेले स्टेडियम. आठवड्याभरापूर्वी त्याच मैदानावर मालदीवला ३-० हरवले होते आणि सोळा महिन्यांनी विजय पाहायला मिळाला होता. (२०२४च्या संपूर्ण वर्षात भारताने एकही सामना जिंकला नाही. हे वाक्य लिहायलाही जड जाते.) निवृत्त झालेला सुनील छेत्री परत आला होता, त्याने मालदीवविरुद्ध गोलही केला होता. चाळीस वर्षांच्या माणसाला पुन्हा बोलवावे लागले याचे वाईट वाटायचे की तो आला याचे बरे, हे तेव्हा ठरवता येत नव्हते. आता वाटते, दोन्ही.

बांगलादेश जागतिक क्रमवारीत १८५वा. आपण साठेक जागा वर. सामना ०-० सुटला. तोही आपण गोल हुकवले म्हणून नव्हे. पहिल्या काही मिनिटांतच आपल्या गोलरक्षकाच्या चुकीतून त्यांना मोकळी संधी मिळाली होती आणि ती साधली असती तर तिथेच हरलो असतो. तेव्हाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ सामन्यानंतर उघड संतापले होते आणि ते योग्यच होते. चार संघांच्या गटात, जिथून एकच पुढे जातो, घरच्या मैदानावर सोडलेले दोन गुण पुढे कधीच भरून निघत नाहीत. कागदावर ती बरोबरी दिसते, म्हणून त्या रात्री कोणी फारसे रडले नाही.

*

पाच सामने, ४५० मिनिटे, दोन गोल.

*

वांद्र्याच्या बाजूला मुलांना फुटबॉल शिकवणारे एक जुने प्रशिक्षक आहेत, स्वतः कूपरेजवर खेळलेले. त्यांना विचारले, "सर, आपल्याकडे गोल मारणारा का तयार होत नाही?" ते म्हणाले, "अहो, गोल मारायला सराव पुरत नाही, सामने लागतात. चुकायला मिळालं पाहिजे. माझा बारा वर्षांचा मुलगा वर्षात दहा-बारा सामने खेळतो. त्यातले निम्मे बाद पद्धतीचे. पहिल्याच सामन्यात हरला की महिनाभर घरी. चुकणार कधी आणि सुधारणार कधी?"

याच्या पुढची गाठ मोठ्या क्लबांत बसते. इंडियन सुपर लीगमध्ये मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू चालतात. क्लबला सामना जिंकायचा असतो, मालकाला निकाल हवा असतो, म्हणून ज्या जागेवर सामना ठरतो त्या जागेवर परदेशी खेळाडू येतो: मधला आघाडीवीर. भारतीय पोरगा बगलेला जातो, बॉल पुढे नेतो, क्रॉस मारतो. गोलला पाठ करून दोन बचावपटू अंगावर घेणे, अर्ध्या क्षणात वळून मारणे, हे काम तो वर्षानुवर्षे दुसऱ्याला करताना पाहतो. मग देशाचा शर्ट चढवल्यावर तेच काम त्याच्याकडून मागितले जाते. २०२४-२५च्या लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोल कोणाचे होते? छेत्रीचेच. त्याच्यासाठी हा सन्मान आहे. बाकी सगळ्यांनी या गोष्टीची रात्रंदिवस काळजी करायला हवी.

क्लबांना दोष देऊन भागणार नाही. नियम महासंघ करतो. परदेशी खेळाडूंची संख्या कमी केली तरी खाली, चौदा-सोळा वर्षांच्या मुलांच्या लीग वर्षभर चालत नसतील, तर रिकाम्या जागेवर उभा करायला कोण आहे?

*

हाँगकाँग, १० जून. नव्या काइ टाक स्टेडियमवर चाळीस हजारांहून जास्त लोक. आशिक कुरुनियानने पहिल्या अर्ध्यात मोकळी संधी दवडली. भरपाई वेळेत गोलरक्षक विशाल कैथ चेंडू बाजूला करायला पुढे झेपावला, हात आघाडीवीराला लागला, पेनल्टी. स्टेफान परेरा, ९४वे मिनिट, १-०.

याच हाँगकाँगला जून २०२२मध्ये कोलकात्यात आपण ४-० हरवले होते. तीन वर्षांत ते कुठून कुठे आले आणि आपण कुठे गेलो, याची यापेक्षा सोपी मोजणी नाही.

आणि ती पेनल्टी पाहताना शारजा आठवल्याशिवाय राहिले नाही. जानेवारी २०१९, बहारीनविरुद्ध बरोबरी झाली असती तर आशिया चषकाची बाद फेरी मिळण्याची दाट शक्यता होती. तिथेही भरपाई वेळेत पेनल्टी, तिथेही ०-१. शेवटच्या पाच मिनिटांत पाय थकतात, त्याहून जास्त डोके थकते. ज्या लीगमध्ये वर्षाला पन्नास अटीतटीचे सामने होत नाहीत, तिथल्या खेळाडूला हा थकवा ओळखीचा होत नाही.

*

लोक अजून दोह्याबद्दल बोलतात. जून २०२४, विश्वचषकाची पात्रता फेरी, कतारविरुद्ध छांगतेच्या गोलने आपण पुढे, आणि मग गोलरेषेमागे बाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने केलेला गोल पंचांनी दिला. तो अन्याय होता, यात शंका नाही. व्हिडिओ पंच नव्हते. तो सामना जिंकलो असतो तर इतिहासात प्रथमच तिसरी फेरी मिळाली असती आणि तिच्याबरोबर २०२७च्या आशिया चषकाचे तिकीटही. शिलाँग, फातोर्डा, ढाका काहीच करावे लागले नसते.

पण त्याआधी तीन महिने गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून १-२ हरलो होतो. छेत्रीचा दीडशेवा सामना, त्याच्या पेनल्टीने आघाडी, आणि शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल खाल्ले. ज्या संघाला स्वतःच्या देशात खेळायला मैदान नाही, त्याच्याकडून. दोह्याचा गोल जितक्या वेळा दाखवला गेला, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही गुवाहाटीची चर्चा झाली नाही.

*

ऑगस्टात खालिद जमील आले. तेरा वर्षांत प्रथमच भारतीय संघाला भारतीय प्रशिक्षक. यापूर्वीचे गोव्याचे सावियो मेदेरा. जमील यांचा जन्म कुवेतचा, पण खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून घडले मुंबईत: महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसी. छोट्या आयझॉलला २०१७मध्ये आय-लीग जिंकून देणारा माणूस. त्यांना मिळालेले दिवस मोजके होते. पहिल्याच स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवले, ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून तिसरा क्रमांक मिळवला. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात मनापासून वाटले होते, आता सिंगापूरकडून सहा गुण घेऊ. एक मिळाला.

त्यांना दोषी धरणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही.

*

महिंद्रा युनायटेडचे नाव निघाले की मुंबईच्या जुन्या फुटबॉलवाल्यांचा आवाज बदलतो. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेला क्लब, २०१० साली बंद. रोव्हर्स चषक १८९१पासूनचा, तोही एकविसाव्या शतकाच्या तोंडावर थांबला. गोव्यात पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकणारा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब २०१६मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १९५६ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा याच मुंबईच्या मैदानांचा. भारत तेव्हा चौथा आला होता. आघाडीवीर घडवणारी माती आपल्याकडे होती, आणि ती इथेच होती.

कोल्हापुरात ती अजूनही आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ किंवा खंडोबा असा सामना असला की पेठाच्या पेठा ओस पडतात. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. एवढे प्रेम असलेल्या गावातून राष्ट्रीय संघापर्यंत पायवाटही नाही, याची कोणाला तरी लाज वाटायला हवी.

*

आपल्याला गोल मारणारे कोण? परेरा जन्माने ब्राझीलचा, साँग दक्षिण कोरियाचा. बांगलादेशकडे लेस्टर सिटीचा हमझा चौधरी, जन्म इंग्लंडमधला. म्हणून आपणही परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू आणावेत, अशी मागणी जोरात आहे. दुहेरी नागरिकत्व आपला कायदा देत नाही. देशाकडून खेळायचे तर भारतीय पासपोर्टच हवा. पर्थला जन्मलेल्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली. ढाक्याच्या बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात त्याला खेळता आले नाही, कारण कागद वेळेत पूर्ण झाले नाहीत. त्याचे मनापासून स्वागत आहे. जो माणूस या संघासाठी आपले नागरिकत्व बदलतो, त्याच्या प्रेमाबद्दल प्रश्न विचारायचा अधिकार कोणाला नाही. मात्र असे दहा विल्यम्स आले तरी वांद्र्याच्या त्या मुलाचे वर्षातले सामने वाढत नाहीत.

*

ढाका, १८ नोव्हेंबर. निकालाला अर्थ नव्हता, असे म्हणणे सोपे आहे. अकराव्या मिनिटाला शेख मोरसालिनचा गोल आणि मग ऐंशी मिनिटे आपली धडपड. छांगतेचा मोकळ्या गोलकडे निघालेला फटका हमझाने डोक्याने परतवला. बांगलादेशने आपल्याला २००३नंतर प्रथमच हरवले. त्यांचीही पात्रतेची आशा आधीच संपली होती, तरी ढाक्यात जल्लोष झाला, आणि तो मला अजिबात खुपला नाही. त्यांना विजयाची किंमत ठाऊक होती.

त्याच दिवशी सिंगापूरने हाँगकाँगला २-१ हरवून जागा नक्की केली. क्रमवारीत आपण १४२वर गेलो. १९९६मध्ये ९४वे होतो.

*

५ जुलै २०२५, चिआंग माई. थायलंड १, भारत २. संगीता बासफोरचे दोन्ही गोल. दोन विश्वचषक खेळलेल्या संघाला त्याच्या घरी हरवून भारताच्या मुली २०२६च्या महिला आशिया चषकाला पात्र ठरल्या, पात्रता फेरी खेळून प्रथमच. आधीच्या तीन सामन्यांत २२ गोल केले आणि एकही खाल्ला नाही; प्रतिस्पर्धी दुबळे होते हे खरे, पण दुबळ्यांविरुद्ध गोल करणे किती अवघड असते ते पुरुष संघाला विचारा.

२०२२चा महिला आशिया चषक आपल्याकडेच होता, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. कोविडमुळे भारतीय संघाला नवी मुंबईतूनच माघार घ्यावी लागली होती. त्या मुलींपैकी काहींना ही दुसरी संधी मिळाली आणि त्यांनी ती हिसकावून घेतली. वर्तमानपत्रात मात्र जागा किती होती? माझ्या घरी येणाऱ्या दैनिकात क्रिकेटच्या खाली दोन परिच्छेद.

*

डिसेंबर २०२५. इंडियन सुपर लीगचा चेंडू तोवर हललेला नव्हता. व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही, जुना करार संपला. खेळाडू सराव तरी कसला करणार होते? मार्च २०२६मध्ये हाँगकाँगविरुद्ध शेवटचा सामना होता. तो जिंकला पाहिजे, असे तेव्हा वाटत होते, गुणतक्त्यात काहीही फरक पडत नसला तरी.

*

३० नोव्हेंबरला अहमदाबादेत सतरा वर्षांखालील मुलांनी इराणला २-१ हरवले. पिछाडीवरून. प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. ही मुले सौदी अरेबियातल्या २०२६च्या सतरा वर्षांखालील आशिया चषकाला पात्र ठरली. यांच्याआधीच्या तुकड्याही चांगल्या होत्या. सतराव्या वर्षापर्यंत आपण आशियातल्या कोणाशीही झुंजतो, आणि अठरा ते बावीस या वर्षांत ही मुले कोणत्या तरी क्लबच्या राखीव बाकावर बसून राहतात. या तुकडीला पुढच्या हंगामात प्रत्येकी किमान तीस स्पर्धात्मक सामने मिळतील अशी लीग आत्ताच आखा, महासंघाच्या निवडणुका आणि कोर्टकचेऱ्या काहीही होवोत. इराणविरुद्ध गोल केलेल्यांना आघाडीवरच खेळवा.