मारुतीची वही

आमच्या घरी दोनशे पानी एक वही आहे. पुठ्ठ्यावर सौ.च्या अक्षरात ‘मारुती’ असे लिहिलेले. पाहुण्यांना वाटते स्तोत्रांची असेल. उघडली की पहिल्या पानावर दिसते : गाडी – 1,05,000.

2006 साली मी कोल्हापुरातून जुनी मारुती 800 आणली. मॉडेल 2000 चे, पांढरी, कार्बोरेटरची. सीमाभागातल्या मंडळींना सांगायला नको, जुनी गाडी कोल्हापुरात स्वस्त मिळते आणि बेळगावात आल्यावर महाग होते. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथे नोंदवावी लागते. कोल्हापूरहून ना-हरकत दाखला आणा, कर्नाटकचा रस्ता कर भरा, मग ‘एमएच 09’ जाऊन ‘केए 22’ येते. मेहुण्यांनी व्यवहार जमवताना हे काही सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. वहीचे दुसरे पान त्यातच भरले.

गाडी तशी गुणी. सुझुकीच्या जपानी मॉडेलवरून बेतलेली, 1983 च्या डिसेंबरात भारतात रस्त्यावर आलेली आणि 2014 च्या जानेवारीपर्यंत बनत राहिलेली. तीन सिलिंडरचे 796 सीसीचे इंजिन, बारा इंची चाके. पार्ट कुठेही मिळतो आणि कुठल्याही गावचा मिस्त्री डोळे मिटून खोलतो. लोक म्हणत, हिला खर्च नाही. मीही घरी तेच सांगत असे, पेट्रोल घातले की झाले!

वही वेगळे सांगत होती. बेळगावच्या पावसाने सायलेन्सर दोन-तीन वर्षांत कुजायचा. मॅटखाली ओल राहून पत्रा गंजला, वेल्डिंग करून ठिगळ लावले. वळताना पुढच्या चाकातून कट-कट आवाज येऊ लागला. अॅक्सलवरचा रबरी बूट फाटून ग्रीस गळाले होते आणि धूळ आत जाऊन सांधाच खराब झाला होता. बूट बदलायला लागले असते दोनशे रुपये, सांध्याला लागले बाराशे. थंडीत चोक ओढून सुरू करायची आणि चोक परत ढकलायला विसरायचे, हा आमच्या चिरंजीवांचा छंद, म्हणून ‘पेट्रोल’ या सदरात थोडा त्यांचाही वाटा. क्लच प्लेट, बॅटरी, विमा आणि धुराचा दाखला वेगळेच.

पण ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते पान मे 2008 चे आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये शहापुरातल्या आमच्या मिस्त्रींनी रेडिएटरचे झाकण उघडून मला आत बोट घालायला लावले होते. बोटाला विटकरी गाळ लागला. मी बोअरचे पाणी भरत असे. त्या पाण्याचा क्षार नळ्यांत बसतो आणि साध्या पाण्याने आतून गंज धरतो. ‘साहेब, सगळं काढून धुऊन कूलंट घालूया, साडेचारशे होतील,’ ते म्हणाले. ‘पुढच्या महिन्यात बघू,’ मी म्हणालो. पुढचा महिना आला आणि गेला.

मे महिन्यात आम्ही कवळ्याच्या शांतादुर्गेला गेलो. जाताना घाट उतरायचा होता, काही झाले नाही. परतताना साखळी, केरी करत चोर्ल्याची चढण लागली. आई, सौ., दोन मुले, डिकीत नारळ आणि फणस. दुपारचे दोन. तापमानाचा काटा वर चालला होता. मला तो दिसत होता, हे मी इथे लिहून ठेवतो. दोन वळणे राहिलीत, माथ्यावर थांबू, असे म्हणत मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओढत राहिलो. मग बॉनेटखालून वाफेचा लोट आला आणि गाडी थांबली.

मी उतरून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तोच मागच्या सीटवरून आई ओरडली, ‘थांब की रे! कुकरचं झाकण असं उघडतात काय?’ तिने जन्मात गाडी चालवली नव्हती, पण बरोबर तेच होते. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेले पाणी, झाकण सैल होताच तोंडावर आले असते. तासभर आम्ही दगडावर बसून राहिलो. आई तेव्हा बहात्तर वर्षांची. तिच्याजवळचे पाणी तिने मुलांना दिले आणि स्वतः पदराने वारा घेत बसली. तिच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हते. शेवटी एका बसमध्ये चौघांना बसवून दिले आणि मी टेम्पोमागे दोराने बांधून रात्री गावात पोचलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ऑइलची काडी काढून दाखवली. त्यावर दुधाच्या कॉफीसारखा फेस. हेड गॅस्केट जळून पाणी ऑइलमध्ये गेले होते आणि अॅल्युमिनियमचे हेड उष्णतेने वाकले होते. ते उद्यमबागेत मशीनवर घासून सपाट करून आणले. वहीत आहे : टेम्पो 2,500, हेड घासणे 600, गॅस्केट सेट 900, रेडिएटर 2,200, मजुरी 1,800, ऑइल व कूलंट 900. एकूण 8,900.

माझ्याजवळ इतके नव्हते. मुलांच्या शाळेची फी तोंडावर होती. सौ.ने भिशीचे पैसे काढून दिले. मोत्यांच्या कुड्या करायच्या म्हणून वर्षभर भरलेली भिशी. ‘यंत्र आहे, बिघडायचंच,’ ती म्हणाली. मी मान डोलावली. मिस्त्रींनी दोन महिने आधी बजावले होते, हे काही माझ्या तोंडून निघाले नाही. पुढे आई 2016 साली गेली, तिलाही सांगायचे राहिले.

2015 आणि 2020 साली गाडीची नोंदणी वाढवून घेतली. आताची मुदत डिसेंबर 2025 ची. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची ही फी पूर्वी सहाशे होती, एप्रिल 2022 पासून पाच हजार झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. वर तपासणीआधीचे पत्राकाम. मुलगा म्हणाला, ‘बाबा, भंगारात काढा.’ हिशेब तरी बघू म्हणून मी वही घेऊन बसलो. मे 2008 ची बेरीज पुन्हा केली, आणि पान उलटताना आधीच्या पानाच्या समासात पेन्सिलीची पुसट ओळ दिसली. इतकी वर्षे पाहिली नव्हती.

‘मार्च. मिस्त्रींचा फोन. कूलंट घाला म्हणतात. हे नको म्हणाले.’

मी स्वयंपाकघरात गेलो. ती भाजी चिरत होती. वही पुढे धरली. तिने चष्मा वर सारून पाहिले.

‘तेव्हा का बोलली नाहीस?’

‘तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते,’ ती म्हणाली. ‘आणि दहा हजार आरटीओत भरायचे असतील तर भरा, माझी ना नाही. पण त्याच्या आधी कुड्यांचं बघा.’