लाल बटण

भिवंडीत गाणं रेकॉर्ड करायचं तर मला शुक्रवारची वाट बघावी लागते. आमच्या गल्लीतले यंत्रमाग त्या दिवशी बंद असतात. एरवी धोट्यांची खटखट भिंतीतून, फरशीतून येतच राहते. अप्पांनी तीस वर्षं या मागांवर काढली. आता त्यांना उजव्या कानाने जवळपास ऐकू येत नाही. गळा सुरात आहे तोवर त्यांचे अभंग जपून ठेवावेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

अडचण लॅपटॉपची. त्याचा पंखा इतका घुरघुरतो की माइकमध्ये आधी तोच येतो. मग मी लॅपटॉप स्वयंपाकघरात ठेवला, लांब केबल ओढली, दार लावलं. पण रेकॉर्डचं बटण दाबून मी धावत खोलीत येईपर्यंत अप्पांचा सूर मोडायचा.

उपाय फोनमध्ये निघाला. मी रीपर वापरतो. त्याच्या सेटिंगमध्ये वेब ब्राउझर इंटरफेस चालू केला की एक पत्ता मिळतो. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर ठेवायचे, तो पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाकायचा. प्ले, स्टॉप, रेकॉर्ड समोर हजर. इंटरनेटही लागत नाही. लाइट गेली तर फोनचा हॉटस्पॉट पुरतो. फोनवरून जातो तो फक्त हुकूम, आवाज केबलमधूनच जातो. त्यामुळे वायफाय अडखळलं तरी गाणं तुटत नाही. टचओएससीसारखी ॲप्स तर फोनवरच मिक्सरचे फेडर देतात.

पहिल्या शुक्रवारी मी अप्पांशेजारी फोन चाळत असल्यासारखा बसलो. माइक समोर होता, पण त्यांना वाटलं अजून तयारीच चाललीय. मी न सांगता लाल बटण दाबलं. ते इतकं मोकळं गायले, की मी श्वास रोखून बसलो.

नंतर हेडफोन त्यांच्या डाव्या कानाला लावला. ऐकता ऐकता ते गप्प झाले.

"हे कधी घेतलंस?"

मी सांगितलं.

"विचारायचं होतंस रे."

ती फाइल मी त्यांच्यासमोरच पुसली. तसा आवाज नंतर पुन्हा लागला नाही, हेही खरं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनीच फोन मागितला. "माग मीच चालू करायचो ना? दे इकडे." चष्मा लावून त्यांनी लाल बटण दाबलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली.

ते खाकरणं मी कापलेलं नाही.